उरलेली नजर आणि नवे यंत्र

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संपादित करून.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा विषय त्यांनीच ठरवून ठेवला होता. "सगळीकडे एआय, एआय चाललंय. तू डोळ्यांच्या दवाखान्यात काम करतेस. तुमच्याकडे त्याचं काय चाललंय ते सांग. पण वीस मिनिटांत, आणि आम्हाला कळेल असं." वीस मिनिटांची अट पाळायचा प्रयत्न करते. कळण्याची जबाबदारी मात्र निम्मी तुमची.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. त्यातही चष्म्याचे नंबर काढणे हे माझे मुख्य काम नाही. ज्यांना डॉक्टरांनी सांगितले आहे की आता औषध नाही, ऑपरेशन नाही, चष्म्यानेही यापेक्षा जास्त दिसणार नाही, अशी माणसे माझ्या खोलीत येतात. त्यांची जी नजर उरली आहे तिचा जास्तीत जास्त उपयोग कसा करायचा, हे पाहणे माझे काम. याला इंग्रजीत 'लो व्हिजन' म्हणतात. मराठीत आपण अल्पदृष्टी म्हणू.

आपल्या मनात दोनच खाने असतात. एक डोळस, दुसरा आंधळा. मधली माणसे आपल्या हिशेबात नसतात. कायद्याने मात्र त्यांना जागा दिली आहे. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे, तिच्यात अंधत्व वेगळे आणि अल्पदृष्टी वेगळी. योग्य चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी, पण ३/६० पर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी. ६/६० याचा अर्थ सोपा आहे. चांगल्या डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून ओळखता येते, ते या माणसाला ६ मीटरवर यावे लागते तेव्हा ओळखता येते. काही जणांची नजर स्पष्ट असते, पण बघण्याचा परीघ आकसलेला असतो. तो ४० अंशांपेक्षा कमी झाला की तीही अल्पदृष्टीच.

या मधल्या माणसांची एक अडचण अशी की त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. वयोमानाने डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलेल्या एक आजी माझ्याकडे येतात. त्यांना समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण दारातून कडेकडेने गेलेली मांजर दिसते. सुना म्हणतात, "मांजर दिसतंय आणि आम्ही नाही दिसत?" शेजारणी म्हणतात, "आताशा ओळख दाखवत नाहीत, तिखट झाल्यात." आजारात मधली नजर गेली आहे आणि कडेची शाबूत आहे, एवढे घरच्यांना समजावून सांगायलाच आमची पहिली पंधरा मिनिटे जातात. आणि तेवढ्यानेही घरातले निम्मे भांडण मिटते.

आता साधनांकडे येऊ. आमच्या कपाटात हातात धरायची भिंगे असतात, कागदावर ठेवायची पायांची भिंगे असतात, घुमटासारखी काचेची भिंगे असतात. जाड नंबरचे वाचनाचे चष्मे असतात, फळा पाहण्यासाठी बोटाएवढ्या दुर्बिणी असतात, डोळे दिपणाऱ्यांसाठी पिवळ्या-तपकिरी काचा असतात. आणि पडद्यावर अक्षर मोठे करून दाखवणारी कॅमेऱ्याची यंत्रेही असतात. कोणाला काय द्यायचे, याचा पहिला अंदाज गणिताने काढतात. केस्टनबॉम नावाच्या नेत्रतज्ज्ञाचा जुना नियम आहे: नजरेचा अपूर्णांक उलटा करा. ६/६० चे ६०/६, म्हणजे १०. वर्तमानपत्राचे अक्षर वाचायला साधारण १० डायॉप्टरचे भिंग लागेल. आणि १०० ला १० ने भागले की कागद किती सेंटिमीटरवर धरायचा तेही निघते. १० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ नाकाला टेकून. अपूर्णांक उलटा करून भागायला ज्यांनी आपल्याला शिकवले ते सर इथे समोर बसले आहेत. सर, त्या नियमावर माझे घर चालते.

पण हा फक्त पहिला अंदाज. जेमतेम ओळखू येणारे अक्षर आणि सलग वाचता येणारे अक्षर यांत फरक असतो. सुखाने वाचायचे तर अक्षर जेमतेम दिसणाऱ्यापेक्षा साधारण दुप्पट मोठे लागते. मग म्हणाल, द्या सगळ्यात मोठे करणारे भिंग. तसेही चालत नाही. भिंग जितके ताकदवान, तितका एका वेळी दिसणारा तुकडा लहान. चार अक्षरे दिसतात, पाचवे दिसेपर्यंत पहिले विसरते. काचबिंदूने ज्याची नजर नळीतून पाहिल्यासारखी झाली आहे, त्याला मोठे अक्षर दिले तर ते त्या नळीत मावतच नाही. त्याला उलट लहान आणि ठळक अक्षर बरे.

शिवाय आपल्या लिपीची एक गोष्ट. इंग्रजीत अक्षर ओळखले की झाले. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी बारीक कामे चाललेली असतात: अनुस्वार, मात्रा, रफार, उकार. अल्पदृष्टीच्या माणसाला 'मल' दिसतो, तो मेल आहे, मैल आहे की मूल आहे, हे कळत नाही. म्हणून इंग्रजी तक्त्यावर काढलेला हिशेब मराठी पोथीला पुरत नाही. थोडे जास्त मोठे करावे लागते, प्रकाश वाढवावा लागतो. साठीतल्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. कित्येकदा भिंगाआधी एक चांगला टेबल-लॅम्प आणि तो डोक्यामागून नव्हे तर कडेने, कागदाजवळ कसा ठेवायचा एवढे सांगितले, तरी माणूस दोन ओळी खाली उतरतो.

आता एआय. आमच्या क्षेत्रात ते तीन दारांनी आले.

पहिले दार निदानाचे. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होतो आहे का, हे फोटोवरून ओळखण्याचे काम यंत्राला शिकवले गेले. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात सुमारे १ लाख २८ हजार फोटोंवर यंत्राला तयार केले होते, आणि या कामात मदुराईचे अरविंद व चेन्नईचे शंकर नेत्रालय सहभागी होते. २०१८ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांच्या मदतीशिवाय असा निकाल देणाऱ्या पहिल्या यंत्राला सरकारी परवानगी मिळाली. पण पुढे थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत गूगलचे यंत्र प्रत्यक्ष बसवले, तेव्हा पाचव्या हिश्श्याहून जास्त फोटो यंत्राने नाकारले. खोलीत अंधार पुरेसा नव्हता, फोटो पुसट आले होते. यंत्र हुशार होते, पण ते ज्या खोलीत ठेवले त्या खोलीची कोणी चौकशी केली नव्हती. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरे दार साधनांचे, आणि हे दार तुमच्या खिशात आहे. मोबाइल. २०१५ मध्ये डेन्मार्कमधून 'बी माय आइज' हे अॅप सुरू झाले. न दिसणाऱ्याने कॅमेरा समोर धरायचा आणि जगात कुठेतरी बसलेल्या स्वयंसेवकाने काय दिसते ते सांगायचे. २०२३ मध्ये त्याच अॅपमध्ये माणसाऐवजी एआयला विचारण्याची सोय आली. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'सीइंग एआय' आणले. ते ज्यांच्या पुढाकाराने झाले ते साकिब शेख स्वतः अंध आहेत. आपल्या रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये 'मणि' नावाचे अॅप काढले. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ती किती रुपयांची ते सांगते, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. भाजी विकणाऱ्या एका काकांना मी ते शिकवले. पूर्वी दिवसअखेर नोटा मोजायला ते नातवाला बसवायचे. "नातू चोर नाही हो," ते म्हणाले, "पण स्वतःचं गल्ल्याचं मोजणं स्वतः करावं माणसानं."

या दारात एकच इशारा मी प्रत्येकाला देते. फोन बरोबर असतो तेव्हा ज्या आवाजात बोलतो, चुकतो तेव्हाही त्याच ठाम आवाजात बोलतो. पत्र वाचायला, एसटीची पाटी वाचायला, दुधाच्या पिशवीवरची तारीख पाहायला तो खुशाल वापरा. गोळ्यांचा डोस मात्र त्याच्या भरवशावर घेऊ नका. दशांशचिन्ह एक ठिपका असतो, तो कॅमेऱ्याला दिसला नाही तर अर्ध्याचे पाच होतात. गोळ्यांच्या पाकिटाला घरच्यांनी रबर लावून ठेवावे: सकाळचे एक रबर, रात्रीचे दोन. या रबराला चार्जिंग लागत नाही.

तिसरे दार आमच्या खोलीचे, आणि आज मला खरे याच्याबद्दल बोलायचे आहे. साधन निवडून देण्याचे काम यंत्राला जमेल का?

आमच्याकडे अशा एका प्रोग्रॅमची चाचणी चालू आहे. त्याची रीत सांगते. रुग्णाचे वय, आजार, दोन्ही डोळ्यांची नजर, फिकट अक्षरे किती ओळखतो, परीघ किती, हात थरथरतो का, लिहिता-वाचता येते का, आणि त्याला काय करायचे आहे, एवढे टॅबमध्ये भरायचे. जुन्या हजारो केसपेपरांवरून यंत्र शिकलेले असते की अशा माणसाला पूर्वी काय दिले होते. त्यावरून ते तीन-चार साधनांची क्रमवार यादी देते. पायांचे भिंग, इतक्या पटीचे, नाहीतर वाचनाचा चष्मा, इतक्या नंबरचा, असे.

त्याचा उपयोग होतो का? होतो. पूर्वी मी कपाटातून एकेक करून दहा-बारा साधने रुग्णाच्या हातात देऊन पाहायची. सत्तरीचा माणूस सहाव्या भिंगालाच थकतो, आणि थकल्यावर त्याला कोणतेच आवडत नाही. आता तीन-चार पाहून भागते. नव्या शिकाऊ मुलींना तर ही यादी मोठा आधार आहे. हात थरथरणाऱ्याला हातात धरायचे भिंग देऊ नये, ही गोष्ट यंत्र कधी विसरत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे, माझ्यासारखे काम करणारी माणसे मोठ्या शहरांतल्या मोजक्या दवाखान्यांत आहेत. तालुक्याच्या गावी शिबिरात डोळे तपासणारा मुलगा मोतीबिंदू ओळखतो, चष्मा देतो, आणि बाकीच्यांना "आता काही करता येणार नाही" म्हणून घरी पाठवतो. त्याच्या हातात हा टॅब असेल तर तो निदान म्हणेल, "थांबा, करता येण्यासारखं आहे." म्हणून मला कोणी विचारते की यंत्र बरे की तज्ज्ञ माणूस, तेव्हा मी म्हणते, तालुक्याच्या गावात ही निवडच नाही. तिथे यंत्र की काहीच नाही, अशी निवड आहे. तिथे मी यंत्राच्या बाजूची आहे.

मग काळजी कसली? ती तीन माणसांवरून सांगते.

पहिल्या त्याच आजी, मांजरवाल्या. नजर ६/६०. आम्ही विचारले, काय काय करायचे आहे? सुनेने सांगितले, टीव्ही बघतात, वर्तमानपत्र वाचायच्या. मुलगी टॅबमध्ये भरायला लागली. आजी म्हणाल्या, "ताई, टीव्ही राहू द्या. मला पोथी दिसली म्हंजी बास." यंत्राने पायांचे भिंग सुचवले. गणिताने बरोबर. पण आजी पोथी वाचतात जमिनीवर मांडी घालून, पोथी समोरच्या तिरक्या लाकडी स्टँडवर ठेवून. तिरक्या पानावर पायांचे भिंग घसरून मांडीत येते. यंत्र ज्या केसपेपरांवर शिकले, त्यात सगळे टेबल-खुर्चीवर वाचत होते, निदान कागदोपत्री. आम्ही पोथी पाटावर सपाट ठेवायला लावली, पाटाखाली दोन विटांची उंची दिली, घुमटाचे भिंग दिले आणि डाव्या हाताला दिवा. मग त्यांना मान किंचित वळवून कडेच्या नजरेने अक्षर पकडायला शिकवले. हे शिकायला चार भेटी लागल्या. आता रोज एक पान वाचतात. पूर्वी वीस वाचायच्या. "एक तर एक," म्हणतात, "पण माझं मी वाचते."

दुसरे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका. काचबिंदू. समोरची नजर ६/१२, म्हणजे वर्तमानपत्र वाचतात. पण परीघ इतका आकसलेला की उंबरा दिसत नाही, कडेने येणारी सायकल दिसत नाही. दोनदा पडले. नुसती नजर पाहणाऱ्या कोणालाही, माणसाला किंवा यंत्राला, यांना साधन हवे असे वाटणार नाही. आमच्या प्रोग्रॅमने परीघाचा आकडा पाहून पांढरी काठी सुचवली, आणि याबद्दल मी त्याला पूर्ण गुण देते. पण काकांनी काठी हातात घेतली नाही. "तीस वर्षं गर्दीत चालत्या गाडीत तिकिटं फाडली. आता गाव म्हणेल, आंधळा झाला." हा कप्पा टॅबमध्ये नाही. त्यांच्याशी दोन तास बोलले, तिसऱ्या भेटीला त्यांच्यासारखाच एक काठी घेऊन बाजारहाट करणारा रुग्ण बोलावून घेतला. दोघे चहाला गेले आणि अर्ध्या तासाने काका काठी मागायला आले. घडीची द्या म्हणाले. गावात शिरताना पिशवीत ठेवतात, अंधार पडला की काढतात. मला तेवढे चालते.

तिसऱ्या मावशी. ब्लाउज शिवतात. मधुमेहाने नजर उतरलेली. प्रोग्रॅमने डोक्याला लावायचे भिंग सुचवले. त्यांची खरी अडचण एकच होती: सुईत दोरा ओवणे. शिलाई हाताच्या सवयीने होत होती. दोरा ओवायचे पत्र्याचे छोटे साधन कोणत्याही मशीनच्या दुकानात थोड्या पैशांत मिळते. ते दिले, मशीनवर दिवा वाकवून बसवला आणि काळ्या कापडावर काम करताना मांडीवर पांढरा रुमाल पसरायला सांगितले. पत्र्याचे ते साधन आमच्या यादीतच नव्हते. आणि जे यादीत नाही ते यंत्र सुचवू शकत नाही.

आता या तीन माणसांमागची मोठी गोष्ट. यंत्र केसपेपरांवरून शिकते. कोणत्याही दवाखान्याचे जुने केसपेपर काढा. 'काय दिले' हा रकाना भरलेला असतो. 'घरी वापरतात का' हा रकाना बहुधा कोरा, कारण दिवाळीनंतर परत या म्हटले की रुग्ण येत नाही, गाडीभाडे असते, मुलाला सुट्टी नसते. म्हणजे यंत्र शिकते ते आम्ही काय दिले ते. त्याने माणसाला वाचता आले की भिंग फडताळात पडले, हे ते शिकत नाही, कारण ते कुठे लिहिलेलेच नाही.

त्याहून बारीक गोष्ट. गावाकडच्या रुग्णांना वर्षानुवर्षे हातात धरायचे साधे भिंग दिले गेले, कारण ते स्वस्त होते आणि कपाटात तेच होते. यंत्राला कपाट माहीत नाही. त्याचा समज असा होतो की गावाकडच्या माणसाच्या डोळ्यांना हातातले भिंगच मानवते. पुरुषांच्या कागदावर उद्देश 'वाचन' असा लिहिलेला असतो आणि बायकांच्या कागदावर 'घरकाम', कारण सोबत आलेल्या माणसाने तसे सांगितलेले असते. मग यंत्र बाईला वाचनाचे साधन खालच्या क्रमांकावर दाखवते. यात यंत्राचा दुष्टपणा नाही. आपलीच जुनी सवय ते आपल्याला स्वच्छ अक्षरात परत करते, आणि संगणकाने सांगितले म्हणून ती आता खरी वाटते. आम्ही आता दोन नियम केले आहेत. उद्देशाचा प्रश्न रुग्णालाच विचारायचा, सोबत्याला नाही. आणि साधन दिल्यावर महिन्याने फोन करून 'वापरता का' हे विचारून ते यंत्रात भरायचे. ते भरत गेले तर काही वर्षांत हे यंत्र खरेच शहाणे होईल.

माझी सगळ्यात मोठी काळजी मात्र यंत्र चुकण्याची नाही. यंत्र बरोबर असण्याची आहे. ते पाच मिनिटांत बरोबर साधन सांगेल, आणि मग कोणीतरी हिशेबनीस म्हणेल की पाच मिनिटांत काम होते तर दीड तासाची भेट कशाला? आजींना पोथी दिसली ती भिंग निवडल्यामुळे नव्हे, त्यानंतरच्या चार भेटींमुळे. पेटी विकत घेतली म्हणून कोणाला संगीत येत नाही, तसेच भिंगाचे आहे. निवड हा कामाचा चौथा हिस्सा, शिकवणे तीन हिस्से. यंत्राने निवडीतला माझा जो वेळ वाचवला, तो शिकवण्यासाठी रुग्णालाच परत मिळाला पाहिजे. तो वेळ जर नफ्यात किंवा रांगेत जिरला, तर आपण घराघरांतल्या फडताळांत जास्त वेगाने भिंगे भरू, एवढेच होईल. दवाखान्याच्या प्रत्येक बैठकीत मी ही एकच गोष्ट बोलते. आता लोक मी हात वर केला की हसतात. हसू देत.

शेवटी तुम्हा सगळ्यांकडे काही मागते. स्नेहमेळाव्यात मागायची पद्धत आहे, पण मी वर्गणी मागत नाही.

आपल्यापैकी बरेच जण शिक्षक झाले, आणि आपले गुरुजन तर इथे आहेतच. वर्गात एखादे मूल पुस्तक नाकाला लावून वाचत असेल तर "डोळे खराब होतील, लांब धर" असे कृपा करून म्हणू नका. जवळ धरल्याने डोळे खराब होत नाहीत. पुस्तक ४० सेंटिमीटरवरून १० वर आणले की अक्षर चौपट मोठे दिसते. त्या मुलाने स्वतःच स्वतःला भिंग दिलेले असते. त्याला पहिल्या बाकावर बसवा, फळ्यावर लिहिताना मोठ्याने वाचा, आणि त्याला तपासायला पाठवा. माझ्याकडे सातवीतला एक मुलगा येतो, जन्मतः केस आणि त्वचा पांढरी, उन्हात डोळे मिटून घेणारा. नजर ६/६०. त्याला कोणीतरी अंधशाळेत घालायला सांगितले होते. चार पटींची लहान दुर्बीण लावली की त्याला ६/१५ च्या आसपास दिसते. फळा दिसतो. टोपी, रंगीत काचा, दुर्बीण आणि समजूतदार वर्गशिक्षिका एवढ्यावर तो आपल्यासारख्याच साध्या शाळेत शिकतो आहे. ब्रेल ही थोर विद्या आहे आणि ज्याला लागते त्याला ती मिळालीच पाहिजे. पण ज्याला दिसू शकते त्याला 'दिसत नाही' म्हणून बाजूला काढणे हा अन्याय आहे.

आपण सगळे पन्नाशी ओलांडली. बहुतेकांच्या घरी ऐंशीच्या पुढचे आई-वडील आहेत. त्यांनी वाचणे सोडले असेल, शिवणे सोडले असेल, लग्नाला यायला नको म्हणत असतील, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांनी औषध नाही असे सांगितले असेल, तरी 'लो व्हिजन विभाग कुठे आहे' एवढा एक प्रश्न विचारा. घरात जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारा. दहीभात पांढऱ्या ताटलीत न वाढता गडद रंगाच्या ताटलीत वाढा. यासाठी माझीही गरज नाही. आणि त्यांना स्वतः विचारा: "आई, तुला काय बघायचं आहे?" उत्तर ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. माझ्याकडच्या बहुतेकांना मोठे काही नको असते. कोणाला तांदळातला खडा बघायचा असतो, कोणाला नातवाचा चेहरा, कोणाला स्वतःची सही ओळीवर करायची असते.

आणि जे मित्र संगणकाच्या क्षेत्रात आहेत, त्यांना एक निरोप. असली यंत्रे तुम्हीच बनवता. ती आमच्या खोलीत आणायच्या आधी दोन दिवस आमच्या खोलीत येऊन बसा. पोथी कुठे ठेवतात, दिवा कुठे असतो, बाईच्या वतीने उत्तर कोण देते, ते बघा. मग रकाने ठरवा. 'वापरतात का' हा रकाना सगळ्यात वर ठेवा.

या शाळेने आपल्याला वाचायला शिकवले. ज्यांना एकदा वाचता येत होते आणि आता येत नाही, त्यांच्यासोबत मी रोज बसते. म्हणून वाचता येणे म्हणजे काय, हे मला कदाचित तुमच्यापेक्षा थोडे जास्त कळले आहे. ज्यांनी हे पहिले अक्षर हातात दिले त्या सर्व गुरुजनांना नमस्कार करते आणि थांबते.